बाहीतला कोंबडा

हिनोसावा,
२८ नोव्हेंबर, हेसेई राजवटीचं तिसावं वर्ष (२०१८)

चि. नोबुए हिस,

अनेक आशीर्वाद. इकडे मी आणि तुझी वहिनी फुसाए ठीक आहोत. तूही खुशाल असशील असं धरून चालतो. कोणी गेलेलं नाही, कोणी आजारी नाही. हे आधीच सांगतो, कारण माझ्या अक्षरातलं पाकीट बघून तू दचकली असशील. दर वर्षी नववर्षाचं कार्ड फुसाए लिहिते, खाली माझं नावही तीच घालते, आणि तू तिला दोन ओळींचं उत्तर पाठवतेस. हे मला ठाऊक आहे. मी वाचतो.

यंदा थंडी लवकर पडली. परसातले मुळे मांडीएवढे झालेत. अर्धे माकडांनी नेले, अर्ध्यांचं लोणचं घातलं. एक बरणी सोबत पाठवतोय. बरणी परत पाठवायची गरज नाही. पाठवलीस तरी चालेल.

डोंगरावरच्या देवळाच्या एकशे बारा पायऱ्या आता मला तीन बैठकांत चढाव्या लागतात. बासष्ट संपेल या महिन्यात. तुला अठ्ठावन्न झाली असतील. तू अजून बंदरावर माशांचा लिलाव पुकारतेस, असं फुसाए म्हणत होती. घसा कसा आहे? म्हणजे एकंदर प्रकृती.

हो, एक किरकोळ काम होतं. तुमच्या शहरात जुनी कॅसेट दुरुस्त करणारा कोणी मिळेल का? इथे विचारायची सोय नाही. मशीनने फीत खाल्ली. फुसाएने चॉपस्टिक घालून ती हळूहळू गुंडाळली, तर शेवटच्या वेढ्याला तुटली. मग तिने नखांना लावायचा रंग लावून जोडली. आता वाजते, पण कोणीतरी विहिरीत पडून मदत मागतंय असं वाटतं. कॅसेट कसली ते महत्त्वाचं नाही. जुनी आहे, एवढंच.

नववर्षाच्या पहाटेला चौतीस दिवस राहिले. कुरामोचीसान, आपला न्हावी, हल्ली देवळाच्या पंचांचा प्रमुख आहे. तो रोज दुकानातून ओरडून विचारतो, "काय गुरुजी, घसा सांभाळताय ना?" काल मधाची बाटली देऊन गेला. मला मध बघवत नाही.

तुझा दादा,
तामोत्सु

ता. क. उत्तर जरा लवकर पाठव. कॅसेटचं.


हिनोसावा,
६ डिसेंबर

चि. नोबुए हिस,

आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. एकोणचाळीस वर्षांनी बहीण भावाला पत्र लिहिते आणि त्यात तीन शब्द: "कसली कॅसेट, दादा?" ठीक आहे. मला दादा तरी म्हणालीस.

सांगतो. पण सगळं वाचेपर्यंत पत्र फाडू नकोस. नंतर फाड.

पहाटेचं तुला काय सांगायचं? तू त्याच अंगणात वाढलीस. आपली आकेबोनोसामा आकाशाचं दार राखते. वर्षाच्या पहिल्या पहाटे पुजाऱ्याने पडद्यामागे उभं राहून तीनदा कोंबड्यासारखी बांग द्यायची, मग ती डोळे चोळत उठणार, दार उघडणार, सूर्य बाहेर. बांग दिली नाही तर देवी झोपून राहते, आणि ते वर्ष गावाला अंधारात जातं. खराखुरा कोंबडा चालत नाही, माणसाच्याच गळ्यातून यायला हवी. आपल्या घराण्यात ती अशी येत होती, की खालच्या तीन गावांतल्या कोंबड्या गोंधळून अंडी घालायच्या. आजोबांची आली, बाबांची आली. माझी आली नाही.

तुला माहीतच आहे. तू हसायचीस. मी "काकेकोऽऽ" म्हणालो की दाराचं बिजागर तेल मागतंय असं वाटायचं. आणि तू, लाकडांच्या खोपीमागे उभी राहून, कंबरेवर हात ठेवून, गंमत म्हणून बांग द्यायचीस, तेव्हा बाबा जेवता जेवता थांबायचे.

ज्या डिसेंबरात बाबांचा घसा गेला, त्या डिसेंबरात मी टेपरेकॉर्डर घेऊन खोपीच्या भिंतीला चिकटून उभा राहिलो होतो. तुझी बांग ऐकून ऐकून शिकावं म्हणून. तुला कळलं नाही. तीन बांगा टेप झाल्या, एकदम स्वच्छ. मग तू अठ्ठावीस तारखेच्या बसने निघून गेलीस. एक तारखेच्या पहाटे मी पडद्यामागे एकटा उभा होतो. बाहेर अख्खं गाव, श्वासाच्या वाफा काढत. मी तोंड उघडलं. हवा आली, आवाज नाही. झग्याच्या रुंद बाहीत टेपरेकॉर्डर होता. सराव करताना सोबत असायचा ना, म्हणून होता. मी बटण दाबलं.

झालं. आता तुला कळलं, कॅसेट कसली ते.

एकोणचाळीस वर्षं, नोबुए. दर वर्षी लोक म्हणतात, "गुरुजी, वय वाढतंय पण गळा कसा पोरासारखा राहिलाय!" मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

एकदाच घोटाळा झाला. एकोणीसशे एक्क्याण्णव साली इतकी थंडी होती की माझं बोट बटणावर गोठलं. तिसरी बांग संपली आणि टेप पुढे चालूच राहिली. तुला आठवत नसेल, मी टेप करत होतो त्या दिवशी, तू खोपीमागे असताना, तुला आईने हाक मारली होती. ती हाकही टेपमध्ये आली होती. माझ्या बाहीतून, देवळाच्या गाभाऱ्यासमोर, सगळ्या गावाला ऐकू आली: "ये आत आता, सूप निवतंय!"

मी मेलोच, असं वाटलं. पण बाहेर सगळे गुडघ्यांवर! प्रत्यक्ष देवी बोलली! पहाटदेवी आज्ञा करते आहे: घरी जा, सूप प्या! त्या वर्षापासून हिनोसावात नववर्षाच्या पहाटे तांदळाच्या मोचीचं सूप बंद, सोयाबीनच्या मिसोचं सूप चालू. प्रत्येक घरातून भांडं घेऊन बाया एकशे बारा पायऱ्या चढतात, बांगेनंतर सगळे अंगणात उभं राहून सूप पितात. ते सूप निवू द्यायचं नाही, निवलं तर अपशकुन. दोन वर्षांपूर्वी कुरामोचीने पायथ्याशी पाटीही लावली: 'देवीच्या सुपाचं गाव'. शेजारच्या गावचे लोक जळतात.

आता उपाय. मी कोंबडा आणून पाहिला. खरा चालत नाही, पण मी म्हटलं निदान पडद्यामागे माझ्याऐवजी... असो. दिसायला राजबिंडा आहे. पण तो पहाटे घोरत पडतो आणि दुपारी दोनला, पोस्टमन आला की आरवतो. एखाद्या दिवशी पोस्टमन आला नाही तर अजिबात आरवत नाही. फुसाए म्हणते, घराण्याला शोभतो.

म्हणून विचारतो, अगदी मोकळेपणाने. तू नवीन टेप करून पाठवशील का? तीनच बांगा. कोणाला कळणार नाही.

तुझा,
दादा

ता. क. बरणी मिळाली. रिकामी होती. आवडलं म्हणायचं.


हिनोसावा,
१५ डिसेंबर

चि. नोबुए हिस,

तुझं सहा पानांचं पत्र आलं. पहिली चार पानं मी फुसाएला वाचून दाखवली नाहीत. तिने ती नंतर स्वतः काढून वाचली, आणि तेव्हापासून स्वयंपाकघरात मधूनच फिसकन हसते. "सुक्या बोंबलाएवढी अक्कल नाही" हे तिला फार आवडलंय. काल मला भात वाढताना म्हणाली, "घ्या, बोंबील."

तुझं म्हणणं मला समजलं. तू लिहितेस, "मी टेप पाठवणार नाही. एकोणचाळीस वर्षं तुझ्या घामट बाहीत राहिले तेवढं पुरे झालं. आरवेन तर पडद्यापुढे उभी राहून, सगळ्यांच्या तोंडासमोर, माझ्या नावाने. आणि त्याआधी तू सगळ्यांना खरं सांगायचं. जमत नसेल तर तुझ्या त्या पोस्टमनच्या कोंबड्याला सांग." पुढे लिहितेस, आवाज आता घोगरा झालाय, चाळीस वर्षं बांगडे आणि तांबोशी ओरडून विकल्यावर होणारच, देवीला चालेल का विचार.

देवीला चालेल. ती इतकी वर्षं एकोणीस वर्षांच्या पोरीचाच आवाज ऐकते आहे, एव्हाना तिलाही संशय आला असेल.

पंचांना सांगायचं मात्र अजून जमलेलं नाही. वीस तारखेला बैठक आहे. चपला घालून तीनदा कुरामोचीच्या दुकानापर्यंत गेलो, आणि तीनदा केस कापून परत आलो. आता कापायला काही उरलेलं नाही.

पण नोबुए, पत्राच्या शेवटच्या पानावर तू जे लिहिलंस ते टाळून मला पुढे जाता येत नाही. तू लिहितेस, "बाबा म्हणाले, देवीला पुरुषाचाच आवाज लागतो, आणि विषय संपवला. मला एका शब्दाने विचारलं नाही. म्हणून मी आई गेली तेव्हा आले आणि त्यांच्या वेळी आले नाही. ते मी त्यांना कधी माफ केलं नाही."

चार दिवस झाले, हे वाक्य माझ्यासोबत जेवायला बसतं.

बाबा तसं म्हणाले. पण ते सत्तावीस तारखेच्या सकाळी. सव्वीस तारखेला त्यांनी मला देवळाच्या मागे नेलं होतं. केरसुणीवर रेलून उभे होते, आवाज नव्हताच, कुजबुजत होते. म्हणाले, "तामोत्सु, मी म्हातारा आहे, मला नीट ऐकू येत नाही. पण मला वाटतं पोरीचा गळा देवीचा आहे. गावाला मी समजावीन, ते माझ्यावर सोड. तू खरं सांग, कोणाची बांग चांगली? तू म्हणालास तर मी नोबुएला उभी करतो."

मी म्हणालो, माझी.

एवढंच. एकच शब्द. मी तेवीस वर्षांचा होतो, थोरला होतो, आणि बहीण पुढे उभी, मी मागे केरसुणी घेऊन, हे चित्र मला सहन झालं नाही. बाबांनी खूप वेळ माझ्याकडे पाहिलं, मग मान हलवली. दुसऱ्या दिवशी जे तुला सांगितलं ते मला पाठीशी घालण्यासाठी सांगितलं. मी हलक्या मनाचा आहे हे तुला कळू नये म्हणून वाईटपणा स्वतःकडे घेतला.

आणि त्यांना कळलं होतं बरं. पहिल्या वर्षी, टेपवरची पहिली बांग झाली तेव्हा ते पायरीवरून ताडकन उठले. त्यांनी आपल्या पोरीचा आवाज ओळखला नसेल? नंतर सगळ्या गावाने माझी पाठ थोपटली, बाबांनी नाही. पुढे आठ वर्षं जगले, एकदाही शाब्बास म्हणाले नाहीत. रागावलेही नाहीत. फक्त दर वर्षी त्या पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या पायरीवर बसायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. तुलाच ऐकायचे गं.

तू चुकीच्या माणसावर रागावलीस. ते मी एकोणचाळीस वर्षं बघत राहिलो आणि गप्प बसलो, कारण तू त्यांच्यावर रागावलेली होतीस तोवर माझ्यावर नव्हतीस.

आता तू येशील की नाही मला माहीत नाही. तू नाही आलीस तरी वीस तारखेला मी पंचांना सांगणार आहे. हे तुला बोलावण्यासाठी लिहिलेलं नाही. म्हणजे आहे. पण आधी हे सांगायचं होतं.

तुझा भाऊ (दादा म्हणवून घ्यायला आज जीभ धजत नाही),
तामोत्सु


हिनोसावा,
२७ डिसेंबर

चि. नोबुए हिस,

अनेक आशीर्वाद. अकरा दिवस तुझं काही आलं नाही. कोंबड्याने आरवून पोस्टमन आल्याचं सांगितलं की मी पळत दाराशी जायचो, आणि हाती यायचं औषधांचं पत्रक. काल कार्ड आलं. मी ते सात-आठदा वाचलं: "एकतीसच्या दुपारच्या बसने येते. आधी बाबांच्या समाधीवर जाईन, मला खूप बोलायचंय त्यांच्याशी, तू येऊ नकोस. मग घरी येऊन तुझ्या दोन थोबाडीत देईन. मग आरवेन." फुसाए म्हणाली, थोबाडीत जेवणाआधी की नंतर तेवढं विचारून घ्या, त्याप्रमाणे भात लावीन.

बैठकीचं सांगतो, तू हसशील.

तेरा पंच होते. मी चटईवर कपाळ टेकलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: टेप, बाही, तू, बाबा, सगळं. मान वर करायची हिंमत होईना. मग कुरामोचीसानचा आवाज आला, अगदी बारीक, "म्हणजे... सूप?"

मी म्हटलं, "ते आमच्या आईने नोबुएला नाश्त्याला बोलावलं होतं."

मग जो हलकल्लोळ झाला! बांगेचं कोणाला काही नाही, नोबुए! सगळा राग सुपाचा! कुरामोची उभा राहून ओरडतोय, "सत्तावीस वर्षं! माझी बायको आणि सून सत्तावीस वर्षं भांडतायत, देवीला लाल मिसो आवडतो का पांढरा! एका छपराखाली दोन चुली झाल्या माझ्या घरी! आणि ते तुमच्या घरचं न्याहारीचं बोलावणं?" दुसरा म्हणतो, "मला मिसोने पित्त होतं, तरी पितोय." तिसरा म्हणतो, "पाटीचं काय करायचं?"

तेवढ्यात कोपऱ्यातून त्सुने आजी बोलली. तुला आठवते का, आपल्या कुंपणापलीकडची? एक्क्याण्णव वर्षांची झाली, दात नाहीत, पण जीभ शाबूत आहे. म्हणाली, "ओरडता कशाला? मला तेव्हाच कळलं होतं. चाळीस वर्षं याच्या आईच्या, मिनेच्या शेजारी राहिले, तिची हाक मला कळणार नाही?"

मी म्हटलं, "आजी, मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू परत वाजवलं असतंस का रे? मी दर वर्षी गुडघे धरत वर चढते ते देवीसाठी नाही, मेल्या. मिनेची हाक पुन्हा एकदा ऐकू येईल म्हणून येते. आणि तू, मुडद्या, दर वर्षी बटण दाबून तिचं तोंड बंद करतोस."

कुरामोची खाली बसला.

मग तुझा विषय निघाला. एकजण म्हणाला, बाईने बांग द्यायची म्हणजे जरा... कोंबडी कुठे आरवते का? आजी म्हणाली, "आणि आजवर आरवले ते कोंबडे होते का? पुजारीच होते ना?" मतं घेतली. दहा बाजूने, दोन विरुद्ध, हामानाकासान झोपले होते, त्यांचं मत बाजूने धरलं. सूपही राहिलं. कुरामोचीनेच मांडलं ते. म्हणाला, "आता पाटी लावलीय." मला काढून टाकायचं का, असं मीच विचारलं, तर म्हणे, मग पायऱ्या कोण झाडणार?

तेव्हा एक तारखेचं असं ठरलंय. पडदा काढला आहे. तू गाभाऱ्यापुढे, पूर्वेकडे तोंड करून, कंबरेवर हात ठेवून उभी राहायचं. कंबरेवर हात ठेवणं नियमात नाही, पण त्याशिवाय तुझी बांग निघत नाही हे मला माहीत आहे. मी मागे, केरसुणी घेऊन. बाबा जिथे बसायचे ती पायरी रिकामी ठेवायला सांगितली आहे.

आणखी एक, मग संपवतो. पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं, कॅसेट कसली ते महत्त्वाचं नाही. बांगेसाठी ती वर्षातून एकदाच लागायची. एकदा वाजवून फीत अशी झिजत नाही. ती झिजली ते इतर दिवसांनी. फुसाए बाजाराला गेली की मी खोपीत जाऊन बसायचो, आणि बांगा पुढे ढकलून शेवटचं तेवढंच ऐकायचो. आईचं. फीत तुटली ती नेमकी तिथेच तुटली. आता आईचा आवाज कुठेच नाही, नोबुए. मी बांगेसाठी रडतोय असं फुसाएला वाटलं.

गावातल्या सगळ्यांची एकच अट आहे. तिसरी बांग झाली की ती हाक आली पाहिजे, नाहीतर सूप कधी प्यायचं हे कळणार कसं? त्सुने आजीने सांगितलं, हाक तामोत्सुने मारायची, स्वतःच्या गळ्याने, मग बिजागर वाजो की आणखी काही. मी परसात उभा राहून सराव करतो आहे. कोंबडा माझ्याकडे कीव करून बघतो.

घरी पोचलीस की दार वाजवू नकोस, ढकल. मी आत असेन. त्या दिवशी तू खोपीमागे उभी होतीस, भिंतीपलीकडे मी होतो, आणि आईने हाक मारल्यावर तू धावत गेलीस, मी मात्र तिथेच टेप बंद करत उभा राहिलो. तीच हाक आता मी मारतो, उशिरा का होईना.

ये आत आता, सूप निवतंय.

दादा